बास लॉग : सध्या सगळं काम नोट कुठे संपते यावर

या वेळचा अपडेट जरा लांब होणारे, कारण गेल्या काही महिन्यांत माझ्या वाजवण्यात जो फरक पडलाय तो सगळा एकाच गोष्टीमुळे पडलाय, आणि ती गोष्ट म्हणजे नवा बास (बास गिटार) नाही की नवा ॲम्प नाही. नोट सुरू कधी करायची हे आपण सगळेच मेट्रोनोम लावून घोटत असतो, पण ती बंद कधी करायची यावर मी आता मुद्दाम बसायला लागलोय, आणि ते सुरू केल्यापासून तारा, फोम, कॉम्प्रेसर (आवाजातला चढ-उतार कमी करणारं यंत्र), ॲम्प ठेवायची जागा, सगळ्याकडे बघायची नजरच बदलली.

झालं काय की एक स्लो गाणं बसवत होतो, अगदी साधा पॅटर्न, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पहिल्या आणि तिसऱ्या बीटवर, स्नेअर (काठीने वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम) दुसऱ्या आणि चौथ्यावर, आणि मी एकवर रूट (कॉर्डची मूळ नोट) धरून सरळ पुढच्या किकपर्यंत ताणत होतो. एका टेकला मी तीच नोट स्नेअर पडतो त्या क्षणी बंद केली, बाकी काहीच बदललं नाही, ना व्हॉल्यूम ना टोन. ड्रमर मध्येच थांबला आणि म्हणाला, "अरे तू आत्ता काय केलंस? माझा स्नेअर एकदम मोठा झाला." तो नेहमीइतक्याच जोरात मारत होता. मग आम्ही दोघांनीच, बाकीच्यांना थांबवून, तोच भाग पुन्हा पुन्हा वाजवला, एकदा नोट स्नेअरवरून पुढे नेऊन, एकदा स्नेअरवर तोडून, एकदा स्नेअरच्या किंचित आधी तोडून. तिन्हींत टेम्पो तोच, पण पहिल्यात गाणं मागे रेलल्यासारखं वाटतं, दुसऱ्यात चालायला लागतं आणि तिसऱ्यात जवळजवळ नाचायला लागतं. फोनवर रेकॉर्ड केलंय, त्यातसुद्धा स्पष्ट कळतंय, म्हणजे नुसता भास नाही.

आता नोट बंद करायची म्हणजे हाताला काय करावं लागतं ते सांगतो, कारण खरी मेहनत तिथेच आहे. बासच्या तारा जाडीकडून ई, ए, डी, जी. ओपन ए, म्हणजे ए तार कुठेही न दाबता, वाजवला तर डाव्या हाताचं बोट उचलून तो थांबवता येत नाही, उजव्या हाताने किंवा डाव्याच्या मोकळ्या बोटांनी तार दाबावी लागते, आणि घाईत तिथे हमखास टक् असा आवाज येतो. तोच ए जाड ई तारेवर पाचव्या फ्रेटला (गळ्यावरच्या धातूच्या पट्टीला) मिळतो, ५५ हर्ट्झच, आणि तिथे बोटाचा दाब नुसता सैल केला, बोट तारेवरच राहू दिलं, की नोट स्वच्छ मरते. शिवाय जाड तारेवर त्याचा आवाज जास्त गोल येतो. त्यामुळे सध्या मी जवळपास सगळ्या गाण्यांची फिंगरिंग नव्याने लिहितोय, जिथे नोट छोटी हवी तिथे ओपन तार शक्यतो टाळायची आणि जिथे लांब वाहू द्यायची तिथेच ओपन वापरायची. खालच्या फ्रेट्सवर अंतर जास्त असतं, ३४ इंचाच्या स्केलला (तारेच्या वाजणाऱ्या लांबीला) पहिल्या चार फ्रेटमध्ये बोटं ताणून बसवण्यापेक्षा पहिलं, दुसरं आणि करंगळी अशी डबल बासवाल्यांची (उभं राहून वाजवायचा मोठा बास) पद्धत मला मानवली, करंगळीला तिसरं बोट आधार देतं आणि दोन्ही बोटं एकत्र सैल होतात, त्यामुळे कटही जास्त नीट मिळतो.

उजव्या हाताला फ्लोटिंग थंब, म्हणजे अंगठा एका जागी टेकवून ठेवायचा नाही. आधी अंगठा कायम पिकअपवर (तारांखालचा, त्यांची कंपनं पकडणारा भाग) टेकलेला असायचा, त्यात काही वाईट नाही, कितीतरी मोठे बासिस्ट तसंच वाजवतात. पण अंगठा तारांवरून सरकवत नेला की डी-जी वर असताना ई आणि ए आपोआप झाकल्या जातात आणि त्या मागे गुणगुणत नाहीत. या सिंपथेटिक रिंगिंगचा त्रास घरी एकटं वाजवताना कळतच नाही, ॲम्प मोठा झाला की कळतो, वाजवलेली नोट तुम्ही वेळेवर तोडलेली असते आणि तरी खाली काहीतरी घुमत राहतं.

तारांचं. फ्लॅटवाउंडवर गेलोय आणि माझ्या बँडपुरतं तरी परत येणार नाही. राउंडवाउंडमध्ये वरची गुंडाळी गोल तारेची असते, फ्लॅटमध्ये चपट्या पट्टीची, म्हणून बोट सरकल्याचा किर्र आवाज जवळजवळ जातो, वरची चमक कमी होते आणि नोट सुरुवातीला ठाम येऊन लवकर बसते. या लवकर बसण्यासाठीच मला त्या हव्या होत्या. टेन्शन मात्र वाढलं माझ्या सेटला, गळा पुढे ओढला गेला, ट्रस रॉड (गळ्याच्या आतली सळई) थोडा आवळावा लागला. हे करताना घाई करू नका, एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नको, मग परत ट्यून करा, थोडा वेळ जाऊ द्या, मग मोजा. पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटला बोट, आणि सातव्या-आठव्याजवळ तार आणि फ्रेट यांच्यात साधारण ०.३ मिमीची फट, इतकं माझ्या हाताला पुरतं. ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) सतराव्या फ्रेटला ईकडे २.४ आणि जीकडे २ मिमीच्या आसपास ठेवलीये, यापेक्षा खाली नेली की मी जोरात वाजवल्यावर तार फ्रेटवर आपटते आणि तो खडखडाट मला या आवाजात नकोय. इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटला सूर बरोबर लागणं) शेवटी, कारण बाकी काही हललं की ते परत हलतंच.

फोमचा प्रयोग तर सगळ्यांनी करून बघावा असा. ब्रिजजवळ (तारा बासच्या अंगावर जिथे टेकतात तिथे) तारांच्या खाली मऊ फोमची पट्टी सरकवायची, बस्स. किती दाबून बसवली त्यावर नोट किती लांब राहणार ते ठरतं. पट्टी जाड झाली तर पिच ऐकू येण्याआधीच नोट मरते, नुसता थप्प आवाज राहतो, म्हणून मी पट्टी तिरकी कापलीये, ई आणि एखाली जाड, जीकडे पातळ. हा काही नवा शोध नाही. फेंडर कंपनीने १९५१ मध्ये प्रिसिजन बास आणला तेव्हा लोकांच्या कानात डबल बास होता, ज्याची नोट पटकन विरते, आणि पुढे कितीतरी वर्षं त्या बासच्या ब्रिजवरच्या धातूच्या झाकणाखाली म्यूट बसवलेलाच यायचा. मोटाउनच्या गाण्यांचा बासिस्ट जेम्स जेमरसन १९६२ चा प्रिसिजन वाजवायचा, जाड फ्लॅटवाउंड तारा, त्या तुटेपर्यंत बदलायच्या नाहीत, झाकणाखाली फोम, आणि उजव्या हाताचं फक्त पहिलं बोट. अमेरिकेची स्टुडिओ बासिस्ट कॅरल के पिकने (तार छेडायच्या छोट्या पत्तीने) वाजवायची आणि ब्रिजजवळ तारांवर वरून फेल्टचा (जाड लोकरी कापडाचा) तुकडा लावायची. दोघांचा आवाज एकमेकांपासून केवढा वेगळा, पण नोट आखूड ठेवायची सोय दोघांनीही वाद्यावरच करून घेतली होती. त्यांचं ऐकताना आता मी कुठली नोट वाजवली याच्यापेक्षा ती कुठे सोडली हे ऐकतो आणि प्रत्येक वेळी काहीतरी नवं सापडतं.

पिकअपबद्दल थोडक्यात. माझा जॅझ बासच्या धाटणीचा आहे, दोन सिंगल कॉइल. घरी दोन्ही पूर्ण उघडे ठेवले की फार गोड वाटतं, हमही (विजेचा गुणगुणाट) जातो, पण त्यात मिड्सचा (मधल्या पट्टीतल्या आवाजाचा) काही भाग कापला जातो आणि बँडमध्ये दोन गिटारी लागल्या की बास जाणवतो पण ऐकू येत नाही. नोटचा शेवट ऐकू यायला मिड्स लागतातच, मला ते साधारण ७०० - ८०० हर्ट्झच्या आसपास सापडले. म्हणून पुढचा पूर्ण, मागचा थोडा कमी. एकट्याने ऐकायला हा टोन जरा नाकातला वाटतो, ड्रम्स आल्यावर बरोबर बसतो. नवीन आलेल्यांना माझं एवढंच सांगणं आहे की टोन घरी ठरवू नका, बँड चालू असताना ठरवा.

कॉम्प्रेसरवर माझं मत इथल्या बऱ्याच जणांशी जुळणार नाही. कॉम्प्रेसर नोटची सुरुवात दाबतो आणि मागचा भाग वर आणतो, म्हणजे मी बोटांनी, फोमने, तारांनी जे आखूड करतोय ते तो पुन्हा लांब करतो. रॉकच्या गाण्यांना, जिथे आठव्या नोट्स सलग चालायच्या असतात आणि सगळ्या एकसारख्या हव्यात, तिथे तो हवाच, ४:१ रेशो, अटॅक (तो किती लवकर दाबायला लागतो ते) जरा सावकाश म्हणजे बोटाचा पहिला ठोका निसटून पुढे येतो. पण फोमवाल्या गाण्यांना मी तो सरळ बंद करतो. दोन्ही एकत्र वापरण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

आता खोली. आमच्या जॅमरूममध्ये ए वाजवला की खोली गरजायची आणि मी नोट तोडल्यावरही ती घुमत राहायची, बी फ्लॅट किंवा जी वाजवला तर तसं नाही. हिशोब करून बघितला. आवाजाचा वेग साधारण ३४३ मीटर प्रति सेकंद, ५५ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी त्यामुळे जवळपास ६.२ मीटर, त्याची निम्मी ३.१. टेप लावली तर खोलीची रुंदी बरोब्बर तेवढीच, दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ती एकच नोट अडकून उभी राहत होती. ॲम्प कोपऱ्यात ठेवला की हे आणखी वाढतं कारण दोन भिंती आणि जमीन तिन्ही मिळून बास वाढवतात. म्हणून कोपऱ्यातून बाहेर काढला, जमिनीवरून उचलून एका मजबूत स्टँडवर ठेवला, आणि पॅरामेट्रिक ईक्यूवर (हवी ती फ्रिक्वेन्सी वर-खाली करायचं साधन) ५५ ला अरुंद कट दिला. घुमणं पूर्ण गेलं नाही, पण ए आता बाकीच्या नोट्सच्या रांगेत आला. सोबत हाय-पास फिल्टर (ठरलेल्या फ्रिक्वेन्सीच्या खालचा आवाज कापणारा) ३५ हर्ट्झच्या आसपास. आपली सर्वात खालची ई ४१ हर्ट्झची, तिच्याखाली वाद्यातून फक्त बोटांचे धक्के आणि तार दाबल्याचा ढब् आवाज येतो, तो काढला की स्पीकरचं काम हलकं होतं आणि शेवट जास्त स्वच्छ वाटतो. इतक्या सगळ्या गिअरमध्ये मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली वस्तू कुठली विचाराल तर हा फिल्टर.

ॲम्प किती वॉटचा घ्यावा हा नेहमीचा प्रश्न येईलच, तर वॉट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण दहापट पॉवर लागते. त्याआधी गिटारवाल्याला त्याच्या ॲम्पचा बास खाली करायला सांगा, फुकटात जागा होते. आमच्या गिटारिस्टने तो केला आणि त्याचाच आवाज जास्त उठून आला, त्यामुळे आता तो स्वतःहूनच करतो.

मी अधूनमधून दुसऱ्या एका ग्रुपमध्येही वाजवतो, तिथे कीबोर्ड आहे आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात भक्कम आहे, वर्षानुवर्षं एकटा वाजवायची सवय, त्यामुळे तो माझ्याच सप्तकात रूट धरून ठेवतो, सस्टेन पेडलसकट. मी माझी नोट कितीही नेमकी तोडली तरी त्याची चालूच. यावर भांडून उपयोग नसतो, मी त्याला रेकॉर्डिंग ऐकवलं, एक टेक त्याच्या डाव्या हातासकट आणि एक त्याशिवाय, आणि विचारलं तुला कुठलं आवडतंय. आता ठरलंय की बँड पूर्ण वाजत असताना त्याचा डावा हात मिडल सीच्या खालच्या सीच्या, म्हणजे १३० हर्ट्झच्या, खाली जाणार नाही, आणि इंट्रोमध्ये जिथे मी गप्प असतो तिथे त्याला पूर्ण मोकळीक. त्या इंट्रोनंतर बास आत येतो तेव्हा जो फरक पडतो त्यासाठी मी आनंदाने सोळा बार (तालाची आवर्तनं) थांबतो. न वाजवण्याची जागा अशी ठरवून मिळाली ना, की मग नोट तोडण्याचं पुढचं पाऊल आपोआप कळतं, काही बार अख्खे सोडून द्यायचे.

कानांचं एक. छोट्या खोलीत झांजा डोक्याशेजारी असतात. अमेरिकेच्या नायॉश संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० ला फक्त पंधरा मिनिटं. साध्या फोमच्या प्लगमध्ये वरचा आवाज जास्त कापला जातो आणि सगळं चिखल वाटतं, म्युझिशियनसाठीचे फिल्टरवाले प्लग घ्या, त्यात नोटचा शेवट ऐकू येतो. मी ते घातल्याशिवाय आता वाजवत नाही.

रोजचा सराव सध्या असा. मेट्रोनोम ६०, एकच नोट, दर बीटला. आधी पूर्ण बीट धरायची, मग पाऊण, मग अर्धी, मग पाव, आणि कट नेमक्या त्या जागी पडला पाहिजे. अर्ध्यावर तोडणं सोपं जातं, पाऊणवर तोडणं कठीण आहे, अजून माझा कट तिथे पुढे-मागे होतो. मग क्लिक दोन आणि चारवर समजून तेच, म्हणजे क्लिक हाच स्नेअर आणि नोट त्याच्यावर संपवायची. रेकॉर्ड करून वेव्हफॉर्म बघितला की कट कुठे पडला ते डोळ्यांनी दिसतं, ज्यांना कानावर अजून भरवसा नाही त्यांनी हे जरूर करा.

पाच तारांच्या बासचा विचार मात्र तूर्तास बाजूला. खालची बी ३१ हर्ट्झची, आमच्या खोलीत आणि माझ्या कॅबमध्ये (स्पीकरच्या पेटीत) ती नीट थांबेल असं मला वाटत नाही, आणि आणखी एक तार म्यूट करायची म्हणजे उजव्या हाताचं सगळं परत बसवायचं. ज्या दोन गाण्यांना खालचा डी लागतो तिथे ई तार उतरवून काम होतंय. पुढच्या रिहर्सलला पिक आणि फेल्टचा तुकडा नेतोय, फ्लॅट तारांवर पिक कसा बसतो ते त्या स्लो गाण्यावरच बघायचंय, ड्रमरला आधी काही सांगणार नाहीये. कुणी फेल्ट तारांवरून लावत असाल तर तो चिकटवता कशाने ते सांगा, माझा टेपने लावलेला जोरात वाजवल्यावर सरकतो.