तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या कर्नलचे आटे

लग्नात, बारशात, खानापूरच्या बसमध्ये, कुठंही गाठ पडली की प्रश्न तोच. "नवीन घालून टाक की! जुन्यालाच ठिगळ लावत कशाला बसलास?" विचारणाऱ्याला माझं काम अर्धंच ठाऊक असतं. बेळगावच्या अनगोळात घराच्या वरच्या खोलीत बसून मी जुन्या लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे मशीन चालवणाऱ्या सगळ्यात आतल्या प्रोग्रॅममध्ये, प्रोसेसरच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या बसवतो. दुरुस्ती लिहिलेली असते आजच्या कर्नलसाठी, ती मागं नेऊन कित्येक वर्षं जुन्या कर्नलात घालायची. आमच्या धंद्यात याला बॅकपोर्ट म्हणतात. इतरांना मी हसून टाळतो. पण परवा मामांनी विचारलं, आणि मामांना उडवाउडवी चालत नाही.

मामांचं उद्यमबागेत वर्कशॉप आहे. तिथं एक जुना लेथ आहे, त्याचे सगळे आटे इंची. बाजारात मिळतो तो बोल्ट मिलिमीटरचा. हातानं दोन फेरे मुकाट्यानं बसतो, मग अडतो, आणि जोर लावला तर दोन्हीकडचे आटे चिरडतात. अशा वेळी मामा लेथ भंगारात घालत नाहीत. योग्य जाडीचा रॉड घेतात, चेंज गिअर बदलतात आणि स्वतः इंची आटे पाडतात. काम बोल्टचंच, आटे मात्र जुन्या मशीनचे.

"मी तेच करतो, मामा."

"मग तुझा लेथ कुठाय?"

मी लॅपटॉप दाखवला. मामांनी चष्म्यावरून बघितलं आणि चहा मागवला.

माझं काम पुण्याच्या एका कंपनीसाठी चालतं. तिचे कंट्रोलर मशीनशेजारच्या पत्र्याच्या डब्यात बसतात, आत कर्नलची ४.४ ही जुनी आवृत्ती. ही शाखा जानेवारी २०१६ मध्ये आली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये मूळ देखभाल करणाऱ्यांनी ती बंद केली. डबे मात्र चालूच आहेत. नवीन कर्नल का घालत नाही? आतल्या एका कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, याच कर्नलसाठी बांधलेला आहे, त्याचा मूळ कोड आमच्याकडे नाही, आणि तो देणारे आता फोन उचलत नाहीत. लिनक्सवर चालणारे प्रोग्रॅम मोडायचे नाहीत हा तिथला कडक नियम, पण कर्नलच्या आतल्या जोडण्या बदलणार नाहीत असा शब्द कुणी कधीच दिलेला नाही. त्यामुळं नव्या कर्नलात तो ड्रायव्हर उभाच राहत नाही.

आता यात प्रोसेसर कुठून आला? मामांच्या चहावाल्याचंच बघा. आम्ही वळणावर दिसलो की तो न विचारता ग्लास भरतो. वेळ वाचतो. कधी आम्ही नको म्हटलं तर चहा परत किटलीत. हिशोबाला काही झालंच नाही, पण ग्लास गरम राहतो, आणि त्याला हात लावणाऱ्याला कळतं की इथं चहा ओतला होता. प्रोसेसरही पुढची कामं अंदाजानं आधीच करून ठेवतो, अंदाज चुकला की पुसून टाकतो. पण कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेल्या छोट्या मेमरीत, ऊब उरते, आणि कुठला पत्ता लवकर वाचता येतो हे मोजून आतली गुपितं काढता येतात. मेल्टडाऊन आणि स्पेक्टर या नावाजलेल्या त्रुटी म्हणजे हेच. गूगलच्या प्रोजेक्ट झिरो या त्रुटी शोधणाऱ्या गटानं इंटेलला जून २०१७ मध्ये कळवलं होतं. जगाला सांगायचं ठरलं होतं ९ जानेवारी २०१८ ला, पण कुजबुज इतकी वाढली की ३ तारखेलाच फुटलं.

मेल्टडाऊनवरचा उपाय असा, की प्रोग्रॅम चालू असताना कर्नलचा पत्ता-नकाशा त्याच्या समोरून जवळजवळ सगळाच काढून घ्यायचा. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या संशोधकांनी कायझर नावानं याचा पाया आधीच घातला होता. नव्या ४.१५ साठी तो घासूनपुसून पीटीआय (पेज टेबल आयसोलेशन) झाला, आणि तोच ४.१४.११ मध्ये आला. पण ४.९ आणि ४.४ ला तो बसेना, मधल्या काळात खालची जमीनच फार बदलली होती. मग ४.९.७५ आणि ४.४.११० मध्ये जुन्या कायझरचंच रूप घातलं गेलं. पाटी एकच, आतला माल वेगळा. हे ज्याला माहीत नाही तो पुढची दुरुस्ती ४.१४ मधून उचलून सरळ ४.४ मध्ये घालायला जातो आणि हात पोळून घेतो.

स्टेबल, म्हणजे फक्त दुरुस्त्या घेणाऱ्या जुन्या शाखांचा नियम आहे की दुरुस्ती आधी लिनक्सचा कर्ता लायनस टोरवाल्ड्सच्या मुख्य झाडात (कोडच्या मूळ प्रतीत) हवी, मगच मागं न्यायची, आणि वर मूळ कमिटचा, म्हणजे तिथं नोंदलेल्या बदलाचा, आकडा लिहायचा. पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, आजूबाजूच्या ओळींसकट १०० ओळींच्या आत असावा असंही लिहून ठेवलंय. प्रोसेसरच्या दुरुस्त्यांना हे कुठलं झेपायला! त्या डझनांनी येतात, एकीत दुसरी अडकलेली. जुलै २०२२ मध्ये रेटब्लीड नावाची अशीच एक त्रुटी आली. ५.१० ला दुरुस्ती त्याच महिन्यात मिळाली, ५.४ ला ऑक्टोबर उजाडला. तेव्हा लोक म्हणाले आळस आहे. मला नाही तसं वाटत. मी ते पॅच वाचलेत.

कोडमधले बदल सांभाळणाऱ्या गिटनं, पॅच बसत नाही म्हणून, 'कॉन्फ्लिक्ट' असं ओरडलं की मला खरं तर बरं वाटतं. भांडण उघड्यावर आलं, आता बसून मिटवायचं. भीती वाटते ती मुकाट बसणाऱ्या पॅचची, मामांच्या त्या दोन फेऱ्यांसारखी. एकदा असाच फसलो. कर्नल प्रोसेसरच्या गुणांची नोंद ३२-३२ बिटांच्या रांगांत ठेवतो, प्रत्येक गुणाला एक आकडा. नव्या दुरुस्तीला असाच एक आकडा, म्हणजे फ्लॅग, हवा होता. नव्या कर्नलमधला आकडा मी होता तसा घेतला. आमच्या झाडात त्या आकड्यावर आधीच दुसरा एक गुण बसलेला होता. नावं वेगळी, म्हणून कोड तपासून बांधणारा कंपायलर गप्प. आपल्याकडं एकाच सर्वे नंबरच्या उताऱ्यावर दोघांची नावं लागतात ना, तसं. आणि तसंच, लागल्या दिवशी कुणालाच कळत नाही.

कळलं ते टेबलावर दोन डबे शेजारी ठेवल्यावर. कर्नल एकच, तरी कर्नल त्रुटींची स्थिती दाखवतो त्या व्हल्नरेबिलिटीजच्या डिरेक्टरीत एक म्हणे 'मिटिगेशन' (दुरुस्ती चालू), दुसरा म्हणे 'व्हल्नरेबल' (धोका आहे). मी दोन दिवस दुसऱ्याच्या मागं लागलो. तिसऱ्या दिवशी उलगडलं की खरं बोलत होता तो दुसराच. पहिल्याचा प्रोसेसर थोडा नवा, त्यात तो जुना गुण होता, त्यानं बिट लावला, आणि कर्नलनं दुरुस्ती चालू आहे असं समजून बिनधास्त लिहून टाकलं. संरक्षण शून्य, पाटी झकास. तेव्हापासून प्रत्येक पॅचनंतर सगळे आकडे ओळीनं लावून दुबार काही आहे का बघतो. चार ओळींची स्क्रिप्ट आहे, पण ती सुचायला तीन दिवस गेले.

मामांचा पुढचा प्रश्न बरोबर वर्मावर होता. "पत्र्याच्या डब्यात कोण चोर शिरणार?" खरंय. या हल्ल्यांसाठी त्या मशीनवर परका कोड चालावा लागतो. डबा नुसता ड्रिल चालवत असेल तर घाई नाही, आणि हे मी कंपनीलाही सांगतो. सगळं मागं न्यायचं नसतंच. ऑगस्ट २०१८ च्या एल१टीएफ या त्रुटीच्या दुरुस्तीतला व्हर्च्युअल मशीनचा भाग मी सोडून दिला, कारण व्हर्च्युअल मशीन चालवणारं केव्हीएम आमच्या कर्नलात बांधलेलंच नाही. काय सोडायचं हे ठरवण्यात माझा अर्धा दिवस जातो, आणि बिलात ते दिसत नाही. पण मग कुणीतरी दुरून सर्व्हिस करता यावी म्हणून डब्याला नेटची वायर जोडतो, रात्रपाळीचा पोरगा त्यावर ब्राउझर उघडून क्रिकेट बघतो, आणि ब्राउझरात जावास्क्रिप्ट म्हणजे परकाच कोड. नव्या मशीनवरच्या धोक्यात आणि यात मग काही फरक उरत नाही.

गंमत म्हणजे इंटेलचे काही फार जुने अ‍ॅटम प्रोसेसर यातून साफ सुटले. ते अंदाज बांधून पुढं धावतच नाहीत, सांगितलं तेवढंच ओळीनं करतात. मामांना हे फार आवडलं. "आमच्या लेथसारखं," म्हणाले.

मग त्यांनी कोपऱ्यातला स्वतःचा कॉम्प्युटर दाखवला, बिलं करायचा. "यातलं झालंय न्हवं?" तो मीच बसवून दिलाय, एका जुन्या कार्डापायी ३२ बिटांवर अडकलेला. ३२ बिटांसाठी पीटीआय आला तो थेट ४.१९ मध्ये, आणि त्यात कर्नल आहे ४.४ चा. तेवढं मागं न्यायचं म्हणजे एंट्रीचा, म्हणजे प्रोग्रॅममधून कर्नलात शिरायच्या दारावरचा, सगळा असेंब्ली कोड उचकटायचा. मी म्हटलं, बघतो. मामांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. गिऱ्हाईकाला 'संध्याकाळी या' म्हणताना त्यांचा स्वतःचा चेहरा तसाच असतो.