वरून दिसणारे न्यू मोम्बासा

बुधवार, रात्र

दादरला आज चौथी सीट मिळाली आणि बोरिवलीपर्यंत फोनवर 'हेलो: स्पार्टन स्ट्राइक' खेळत आलो. हा खेळ गाडीत उभ्याने खेळता येत नाही, कारण डावा अंगठा सैनिकाला चालवतो, उजवा नेम धरून गोळ्या झाडतो आणि कडी पकडायला हातच उरत नाही.

'हेलो' ही परग्रहींशी लढण्याच्या खेळांची मालिका; तिचा पहिला खेळ २००१ साली मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळयंत्रावर आला. त्यात आपण बहुतेक युद्ध नायकाच्या डोळ्यांनी पाहतो. समोरून एलिट जातीचा परग्रही योद्धा चाल करून येतो तेव्हा पाठीमागे काय चालले आहे ते दिसत नाही आणि ती धास्ती शेवटपर्यंत सुटत नाही. फोनवरच्या या उपखेळात मात्र कॅमेरा आकाशात नेलेला आहे. माझ्या धाकट्या भावासारख्या जुन्या खेळाडूंना ही छोट्या पडद्यासाठी केलेली तडजोड वाटते. मला ते पटत नाही, कारण 'हेलो' बनवणाऱ्या बंजी कंपनीने त्याची पहिली आखणी केली तीच मुळी वरून पाहत सैन्य हलवण्याचा डावपेचांचा खेळ म्हणून. पुढे कॅमेरा खाली उतरत सैनिकाच्या पाठीशी आला आणि शेवटी त्याच्या शिरस्त्राणाच्या आत गेला. १९९९ साली अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्स यांनी मॅक संगणकांच्या मॅकवर्ल्ड मेळाव्याच्या व्यासपीठावरून हा खेळ दाखवला, दुसऱ्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने बंजी विकत घेतली आणि खेळाची वाट बदलली. २०१५ साली आयफोनवर आलेला 'स्पार्टन स्ट्राइक' हा मालिकेच्या त्या पहिल्या नजरेचाच खेळ आहे, असे मी मानतो.

त्या नजरेचा लाभ प्रत्येक चकमकीत जाणवतो. जॅकल जातीचा परग्रही आपली ढाल पुढे धरून उभा असतो, त्याच्यावर समोरून गोळ्या वाया घालवण्यात अर्थ नसतो. वरून पाहताना मात्र कॅरमच्या पटावर सोंगटीचा कोन दिसावा तशी त्याच्या बगलेला जाणारी वाट स्वच्छ दिसते. ऊर्जाकवच संपत आले की कोणत्या भिंतीआड सरकायचे, हातबॉम्ब कोठे टाकला म्हणजे ग्रंट या बुटक्या परग्रहींचा घोळका एकदम मोडेल, हे सगळे क्षणात ठरवावे लागते. येथे नेमापेक्षा जागेची जाण अधिक कामी येते, आणि मला हे फार आवडते.

कथा २५५२ सालची, केनियातल्या न्यू मोम्बासा शहरातली. 'हेलो २'मध्ये (२००४) याच शहरावर परग्रहींचा हल्ला होतो आणि त्याच काळात ही मोहीम घडते. आपण येथे मालिकेचा नायक मास्टर चीफ नसतो, दुसराच एक स्पार्टन, म्हणजे त्याच्यासारखा खास घडवलेला सैनिक, असतो. अवकाशात चढत जाणारा उद्वाहक या शहराची खूण आहे. आजचे खरे मोम्बासाही बेटावर वसलेले आहे आणि पुलांनी मुख्यभूमीशी जोडलेले आहे. माहीमची खाडी ओलांडत गाडी वांद्र्याकडे निघालेली असताना पडद्यावर समुद्राकाठचे ते शहर पेटलेले पाहणे मला जड जाते. पूल तुटला तर बेटावरच्या माणसांनी जायचे कोठे, हा विचार मुंबईकराला शिकवावा लागत नाही.

नेमकी येथेच मला या खेळाची उणीव जाणवते. 'हेलो ३: ओडीएसटी'मध्ये (२००९) याच शहराच्या रिकाम्या रस्त्यांवरून आपण रात्रीच्या पावसात एकटे फिरतो आणि विखुरलेल्या ध्वनिमुद्रणांतून सेडी नावाच्या मुलीची कहाणी तुकड्यातुकड्यांनी उलगडते. शहर रिकामे असूनही तेथे माणसे राहत होती, हे पावलोपावली जाणवते. 'स्पार्टन स्ट्राइक'च्या मोहिमा काही मिनिटांत संपतात, पदक मिळते आणि पुढची मोहीम समोर येते. रस्ते, चौक, गाड्या सगळे दिसते, पण तेथे कोण राहत होते ते कळत नाही. पुढे कथा पृथ्वी सोडून अवकाशातल्या 'हेलो' नावाच्या प्रचंड वर्तुळाकार रचनेवर जाते, तेव्हा तर माझे मन तिच्यातून निघूनच जाते.

हा दोष कॅमेऱ्याचा नाही. दोन मोहिमांच्या मध्ये एखाद्या रहिवाशाचा आवाज ऐकवला असता, तर वरून दिसणारी ती घरे मला रिकामी वाटली नसती. रविवारी भाऊ घरी येईल तेव्हा 'ओडीएसटी' लावून त्याला हेच दाखवणार आहे.