सोलापुरातली तीन दारांची झेन: पाहणीचा वृत्तांत आणि पुढे जाणाऱ्यांसाठी काही सूचना

मारुतीने २००३ साली झेनच्या दोन मर्यादित आवृत्त्या काढल्या, काळ्या रंगाची ‘कार्बन’ आणि चंदेरी रंगाची ‘स्टील’. प्रत्येकी ३००, म्हणजे दोन्ही मिळून अवघ्या ६०० गाड्या. आपल्याकडे सर्रास दिसणारी झेन पाच दारांची असते. या दोन्ही मात्र तीन दारांच्या, म्हणजे बाजूंना एकेकच लांब दार आणि मागे डिक्कीचे. अशी एक ‘कार्बन’ सोलापुरात विकायला आहे असे कळल्यावर मी आणि माझा एक मेकॅनिक मित्र पुण्याहून ती पाहायला गेलो.

गाडी पसंत पडली तर तीच घेऊन परत यायचे असल्याने जाताना रेल्वे सोयीची पडते. वंदे भारत संध्याकाळी पुण्यात येते आणि रात्री उशिरा सोलापूर गाठते. त्यामुळे मुक्काम करावा लागतो, पण सकाळी लवकर पाहणी सुरू करता येते. सोलापूरचे ऊन ज्यांनी अनुभवले आहे त्यांना याचे महत्त्व सांगायला नको. दुपारी पत्र्याला हात लावणे कठीण होते आणि डोक्यावरच्या उन्हात रंगातला फरक नीट दिसत नाही, सकाळच्या तिरप्या उजेडात तो लगेच लक्षात येतो.

गाडी अक्कलकोट रस्त्याकडच्या एका गोदामात, चादरींच्या गठ्ठ्यांशेजारी उभी होती. इंजिनाकडे आम्ही मुद्दामच शेवटी वळलो. ९९३ सीसीचे ते इंजिन पाच दारांच्या झेनमध्येही आहे, त्यामुळे त्याचे सुटे भाग आणि ते जाणणारे मेकॅनिक अजून मिळतात. या गाडीचे खरे मोल तिच्या लांब दारांत, दारांच्या काचांत, मागच्या बाजूच्या काचेत आणि बाजूच्या अखंड पत्र्यात आहे. पाच दारांच्या गाडीचे यातले काहीही तिला बसत नाही. म्हणून दार सावकाश उघडून ते बिजागरीत लोंबते का, हे आधी पाहावे. लांब आणि जड दार वर्षानुवर्षे वापरले की बिजागरीवर ताण येतो. पुढची सीट वाकवून मागे जाण्याची सोय चालते का, तेही पाहावे.

मग मित्राने डाव्या दाराच्या चौकटीवरचे रबर खालच्या कोपऱ्यातून हलकेच ओढून सोडवले. रबराच्या कडेशी काळा रंग एका जाड धारेत थांबला होता आणि त्याच्या आत लखलखीत चंदेरी पत्रा होता. डिक्कीत स्टेपनीची खोबण आणि बॉनेटखाली बॅटरीमागचा भाग पाहिला, तर तिथेही चंदेरीच. आरसी बुकात रंगाच्या रकान्यातही चंदेरी लिहिलेले होते. गाडी ‘स्टील’ होती, नंतर कोणीतरी काळी रंगवलेली. मालक निवृत्त गृहस्थ, अतिशय सरळ. ते म्हणाले, “मी घेतली तेव्हा काळीच होती हो. बाहेर सगळे कार्बन म्हणायचे, म्हणून मीही तेच सांगत आलो.” संख्या दोन्हींची सारखीच, त्यामुळे दुर्मिळतेत ही गाडी तसूभरही उणी नाही, असे माझे ठाम मत आहे. तरीही मूळ रंगाला परत आणण्याचा खर्च किमतीतून वजा व्हायला हवा होता, आणि काकांनी तो कुरकुर न करता केला.

सोलापूरच्या कोरड्या हवेचा एक लाभ प्रत्यक्ष दिसला. चाकांच्या कमानी आणि तळाचा पत्रा, जे किनारपट्टीच्या गाड्यांत आधी सडतात, ते इथे खणखणीत होते. उलट रबरे वाळून कडक झाली होती आणि डॅशबोर्डला बारीक तडे गेले होते.

कागदपत्रांबाबत विशेष दक्षता घ्यावी. आरसी बुकात नुसते ‘झेन’ एवढेच असेल, तर मूळ बिल, सर्व्हिस पुस्तिका आणि जुन्या विम्याचे कागद मागावेत. बॉनेट उघडून पत्र्यावर ठोकलेला, ‘एमए३’ने सुरू होणारा चेसिस क्रमांक आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवावा, आकड्यांभोवती घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर व्यवहार तिथेच थांबवावा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे तपासणी होऊन, पर्यावरण कर भरून ५ वर्षांसाठी वाढते. २००३ च्या गाडीचे हे नूतनीकरण झाले आहे का, हे इसार देण्याआधी पाहावे. हस्तांतरणाच्या नमुना २९ व ३० वर विक्रेत्याच्या सह्या समोर घ्याव्यात आणि गाडीवर कर्जाचा बोजा नोंदलेला नाही याची खात्री करावी. कोणी तिला ‘व्हिंटेज’ म्हणून भाव वाढवू लागले तर ते मानू नये, कारण २०२१ च्या नियमांनुसार त्या नोंदणीसाठी गाडीचे वय ५० वर्षांहून अधिक असावे लागते.

बरेच दिवस उभी असलेली गाडी लगेच महामार्गावर काढू नये. पुण्यापर्यंतचे अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे, आणि टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या आतल्या भागांचा ताळमेळ राखणारा पट्टा, वाटेत तुटला तर मोहोळ किंवा टेंभुर्णीजवळ भर उन्हात अडकून पडावे लागेल. आम्ही जुने पेट्रोल काढून टाकले, पण बेल्ट केव्हा बदलला याची नोंद नव्हती आणि टायरवरच्या, बनवल्याचा आठवडा आणि वर्ष सांगणाऱ्या चार आकड्यांवरून ते फार जुने असल्याचे दिसले. म्हणून गाडी ट्रकवर चढवून आणली. चढवताना दोन्ही दारांच्या बाहेरून जाड घोंगड्या बांधाव्यात आणि दोर कुठेही पत्र्यावर घासू देऊ नये.