आप्पांच्या डिस्चार्ज बुकातली एक ओळ

आमच्या भांडुपच्या घरात पलंगाखाली माझ्या वडिलांची, आप्पांची काळी ट्रंक असते. तिच्यात त्यांचा मफलर, लग्नाचा फोटो, आईच्या आजारपणाच्या फायली आणि सगळ्यांत खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक, फौजेतून सुटताना मिळालेलं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक. नोव्हेंबर २०२२ मध्ये हयातीच्या दाखल्याच्या वेळी फौजी पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवरची माहिती जुळवून बघायची होती, म्हणून मी ती पिशवी सोडली. नाव, जन्मतारीख, वारस सगळं जुळलं. मग सहज पुढची पानं चाळली. मेडल्सच्या रकान्यात निळ्या-काळ्या शाईत तीन नावं होती: सैन्य सेवा मेडल, संग्राम मेडल आणि नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचं मेडल. त्याखाली आडवी रेघ.

"आप्पा, 'पूर्वी स्टार' मेडल कुठं आहे यात?"

"न्हाई मिळाला. आम्ही तवा दुसऱ्या युनिटात होतो ना." एवढं बोलून ते परत पेपर वाचायला लागले.

ब्रह्मपुत्रेच्या वाळूत रुतलेल्या शक्तिमान ट्रकची गोष्ट ऐकत मी लहानाची मोठी झाले. १९७१ चं बांगलादेश युद्ध, मेघालयातल्या तुराहून सरहद्दीपलीकडे बक्षीगंज, तिथून जमालपूरच्या दिशेने दारूगोळा नेणाऱ्या गाड्या, दिवे बंद ठेवून चालवलेल्या रात्री. ११ डिसेंबर १९७१ ला जमालपूर पडलं तेव्हा आप्पा बावीस वर्षांचे होते. आणि त्यांच्या नोकरीच्या कागदावर मात्र ते तिथे गेल्याची खूणच नव्हती.

हे पदकांचं गणित मला तोवर माहीत नव्हतं. ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळात ठरवून दिलेल्या राज्यांच्या मोहिमेच्या भागात जे सेवेत होते, त्यांना संग्राम मेडल. पश्चिम बंगाल, आसाम, पंजाब, राजस्थान, गुजरात असा तो मोठा पट्टा आहे. पूर्वी स्टार हा पूर्व आघाडीच्या प्रत्यक्ष युद्धक्षेत्रातल्या लोकांचा, पश्चिमेकडच्यांसाठी पश्चिमी स्टार. आप्पांचं मूळ युनिट उत्तर बंगालमध्ये मागे होतं. त्यातल्या चार गाड्या आणि चार ड्रायव्हर दुसऱ्या युनिटला अटॅच करून पुढे पाठवले होते. लढाई संपल्यावर मूळ युनिटने मेडलसाठी यादी केली ती आपल्याबरोबर मागे असलेल्यांची, दुसऱ्याने केली ती आपल्या माणसांची. हे चौघे दोन्ही याद्यांतून निसटले. पुढे बदल्या झाल्या, १९८४ मध्ये आप्पा नाईक म्हणून पेन्शनवर आले, फोर्टात एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन बावीस वर्षं उभे राहिले, आणि ती रेघ तशीच राहिली.

सोसायटीतल्या एकांनी सांगितलं, मेडल बाजारात मिळतं, घेऊन या आणि पंधरा ऑगस्टला लावा, कोण विचारतंय? चांगल्या मनाने म्हणाले. आप्पा त्यांना काही बोलले नाहीत. घरात आल्यावर मला म्हणाले, "नोंद नाही ते छातीवर लावायचं न्हाई. ती चोरी झाली."

तेव्हा मला कळलं की मागायचं काय. धातूचा तुकडा नव्हे, नोंद. या वाटेला जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: अर्जात "पदक मिळावे" एवढंच लिहू नका. "सेवा अभिलेखात नोंद व्हावी आणि डिस्चार्ज बुकात तसा शेरा मिळावा" असं आधी लिहा. पदक त्या नोंदीच्या मागून येतं. नोंदीवाचून मागितलं तर "यादीत नाव नाही" एवढ्या एका ओळीत फाईल बंद होते.

पहिली चूक माझीच. मी फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसकडे माहितीच्या अधिकाराखाली माझ्या नावाने अर्ज टाकला. दहा रुपये फी, ऑनलाइन, दहा मिनिटांत झालं. तिसाव्या दिवशी उत्तर आलं की ही त्रयस्थ व्यक्तीची खाजगी माहिती आहे, देता येत नाही. मुलगी असले तरी कायद्याच्या नजरेत मी त्रयस्थच. फेब्रुवारीत तोच अर्ज आप्पांच्या नावाने, त्यांच्या सहीने, पेन्शन पेमेंट ऑर्डरची प्रत जोडून केला. सही करताना त्यांचा हात थरथरत होता, म्हणून दोनदा कागद बदलला.

या वेळी मोघम काही विचारलं नाही. तीन गोष्टी मागितल्या: शीट रोलची, म्हणजे त्यांच्या सेवेच्या मूळ नोंदपत्राची प्रत, नोव्हेंबर १९७१ ते मार्च १९७२ मधल्या त्यांच्या पार्ट टू ऑर्डर्स, आणि मेडल रोलमध्ये, म्हणजे पदकांच्या यादीत त्यांचं नाव आहे की नाही. फौजेत माणसाची बदली, रजा, लग्न, मूल होणं, अटॅचमेंट, सगळं पार्ट टू ऑर्डरने छापलं जातं आणि रेकॉर्ड ऑफिसला जातं. ज्याचा पगारावर परिणाम होतो त्याची प्रत पगाराच्या ऑफिसलाही जाते. म्हणजे युनिटने यादीतून नाव गाळलं तरी माणूस कुठे होता याचा माग कुठेतरी राहतो. आप्पा पेन्शनर आहेत म्हणून आमचं नशीब. ज्यांना पेन्शन नाही त्यांची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करतात, फक्त लाँग रोल, म्हणजे थोडक्यात नोंद असलेली वही उरते.

एप्रिलमध्ये जाड लिफाफा आला. मेडल रोलमध्ये नाव आढळत नाही, असं पत्र. आणि त्याला जोडून पार्ट टू ऑर्डरची फिकट झेरॉक्स, टाइपरायटरची अक्षरं अर्धी उडालेली. खिडकीपाशी धरून वाचली. आप्पांचा नंबर, नाव, "अटॅच्ड" आणि पुढे त्या युनिटचं नाव, २८ नोव्हेंबर १९७१ पासून. ज्या ऑफिसने पहिल्या ओळीत नाही म्हटलं, त्याच ऑफिसने दुसऱ्या पानावर पुरावा पाठवला होता. मला रडू आलं. आप्पांनी चष्मा पुसून तारीख वाचली आणि म्हणाले, "बरोबर हाय. मंगसूळीच्या त्या पोराचं पत्र आलं होतं त्या दिवशी."

पुढची वाट जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून गेली. तिथले कल्याण संघटक स्वतः माजी सैनिक. आप्पांना उठून "जय हिंद, नाईक साहेब" म्हणाले, तेव्हा लोकलच्या गर्दीने वाकलेले आप्पा खुर्चीत ताठ बसले. संघटकांनी मला एक फार मोलाची गोष्ट सांगितली. "ताई, अटॅचमेंट सिद्ध झाली. ते युनिट त्या वेळी सरहद्दीपलीकडे होतं हेही दाखवता येईल. पण हा माणूस त्या युनिटबरोबर पलीकडे गेला, हे सांगणारा कुणीतरी हवा."

म्हणून साक्षीदार शोधला. माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप फिरवला आणि तीन आठवड्यांनी कराडकडच्या एका गावातून फोन आला. त्या दुसऱ्या युनिटमधले निवृत्त हवालदार. दोघांनाही नीट ऐकू येत नाही, त्यामुळे मी मध्ये बसून मोठ्याने सांगत होते. पलीकडून एकदम आवाज आला, "अरे, वाळूत रुतलेली गाडी तुझी का? फळ्या मी टाकल्या होत्या!" आप्पा फोनकडे बघतच राहिले. पन्नास वर्षांत ती फळ्यांची गोष्ट त्यांनी आम्हाला सांगितली होती, पण फळ्या टाकणारा कोण हे त्यांनाही आठवत नव्हतं.

हवालदारांचं प्रतिज्ञापत्र तिकडे नोटरी करून आलं, आप्पांचं आम्ही किल्ला कोर्टाजवळ केलं. अर्ज मे २०२३ मध्ये कार्यालयाच्या पत्रासह रवाना झाला. मग पाच महिने काहीच नाही. फोन लावला की दुसरा नंबर, तिथून तिसरा. आप्पा रोज विचारायचे नाहीत, पण पोस्टमन येण्याच्या वेळी जिन्याकडे तोंड करून बसायचे. ऑक्टोबरमध्ये स्मरणपत्र पाठवलं आणि त्यात विनंतीने लिहिलं की अर्ज फेटाळायचा असेल तर कारणांसह लेखी कळवा. लेखी नकार हातात असला तर सशस्त्र बल न्यायाधिकरणाच्या मुंबईतल्या खंडपीठाकडे जाता येतं. तिथवर जावं लागलं नाही.

जानेवारी २०२४ मध्ये पत्र आलं: मूळ डिस्चार्ज बुक पाठवा. इथे मात्र आप्पा अडले. चाळीस वर्षं ते पुस्तक घराबाहेर गेलेलं नव्हतं, आणि पोस्टात हरवलं तर दुसरं मिळवायला अजून एक जन्म. मी प्रत्येक पानाचे फोटो काढले, झेरॉक्स साक्षांकित केल्या आणि जेवणाच्या सुट्टीत जीपीओमधून स्पीड पोस्ट केलं. त्या रात्री त्यांनी ट्रंक उघडून रिकामी पिशवी पाहिली.

एप्रिलमध्ये पुस्तक परत आलं. पाकीट त्यांनीच फोडलं. त्या आडव्या रेघेच्या खाली लाल शाईत एक ओळ, "पूर्वी स्टार", पुढे पत्राचा क्रमांक, तारीख, गोल शिक्का आणि रेकॉर्ड ऑफिसरची आखूड सही. आप्पांनी भिंगातून ती ओळ दोनदा वाचली, मग बोट ठेवून शिक्क्यावरची अक्षरं जुळवली. मेडल अजून यायचं आहे. त्याची घाई नाही म्हणाले.

पेन्शन एका रुपयानेही वाढली नाही, हे मला चार जणांनी विचारलं म्हणून लिहिते. संध्याकाळी आप्पांनी कॅलेंडरचं मागचं पान फाडून घेतलं आणि त्यावर तीन नावं लिहिली, बाकीच्या तीन ड्रायव्हरांची. दोघं गेलेत. त्यातल्या एकाची बायको वडूजजवळ राहते, फॅमिली पेन्शनवर. "तिच्याकडं बुक आसंल ट्रंकेत," म्हणाले. वारस म्हणून पत्नीला अर्ज करता येतो, आणि आमच्याकडची पार्ट टू ऑर्डर चौघांची एकत्रच निघालेली आहे. तिच्या नावाचा मसुदा मी काल रात्री टाइप केला. रविवारी आप्पांना घेऊन वडूजला निघतेय.