१८५९चा नकाशा हातात धरून सॅन फ्रान्सिस्को

सॅन फ्रान्सिस्कोत पायी फिरताना मी यू. एस. कोस्ट सर्व्हे या अमेरिकी सरकारच्या किनारा-मोजणी खात्याचा १८५९चा नकाशा जवळ ठेवतो. स्थलरूपांची मोजणी ए. एफ. रॉजर्स यांची, प्रमाण १:१०,०००, समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) दर २० फुटांवर. त्या काळी प्लॉट विकायला काढलेल्या नकाशांत टेकड्या दिसतच नाहीत, आखलेले रस्ते थेट खाडीच्या पाण्यात उतरतात. इथे मात्र जमीन जशी होती तशी आहे.

छापून घेताना प्रमाण हमखास बिघडतं, कारण प्रिंटर पान कागदात बसवायला आकार बदलतो. मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेचा अखंड ब्लॉक ८२५ फूट लांब आहे. तो पट्टीवर २५ मिलिमीटर भरला, तर प्रत बरोबर.

सुरुवात पोर्ट्समथ स्क्वेअरपासून करावी. क्ले स्ट्रीटने पूर्वेला उतरलं की माँटगोमेरीपाशी उतार संपतो. १८४८मध्ये किनारा साधारण इथेच होता. या नकाशात तो शोधू नका, तोवर खाडीचा हा भाग बराचसा बुजवला गेला होता. त्याऐवजी समोच्चरेषा कुठे थांबतात ते पाहा: त्यांच्या पूर्वेचा सपाट पट्टा म्हणजे बहुतांशी भराव. पुढे सॅन्सम स्ट्रीटच्या कोपऱ्यावर ‘नायँटिक’ जहाजाची पाटी आहे. १८४९मध्ये आलेलं हे जहाज गोदाम म्हणून वापरात होतं; १८५१च्या आगीत वरचा भाग जळाला, सांगाडा भरावाखाली राहिला. उंच इमारतींमध्ये फोनचं जीपीएस भरकटतं, म्हणून जागा रस्त्यांच्या कोपऱ्यांवरूनच जुळवावी.

सॅन्समनेच उत्तरेला गेलं की फिल्बर्टपाशी टेलिग्राफ हिलचा उघडा कडा समोर येतो. जहाजांना बूड जड करायला आणि खाडी बुजवायला इथला दगड फोडून नेला. या बाजूच्या नकाशावरच्या रेषा मोजत कड्याकडे पाहिलं, की टेकडीचा केवढा लचका तोडलाय ते उमगतं. माझ्या मते सगळ्या फेरीतली ही सर्वांत मोलाची जागा.

रिंकन हिल नकाशात अखंड आहे. सेकंड स्ट्रीटसाठी ती १८६९मध्ये कापली.

शेवटी मार्केटच्या दक्षिणेला सिक्स्थ आणि हॉवर्डच्या चौकात जावं. या परिसरातली दलदल पुढे बुजवली गेली, आणि १९०६च्या भूकंपात याच भरावावरची लाकडी लॉजिंगं कोसळली. सैल भराव पाण्याने भिजलेला असला की हादऱ्याने पातळ होतो, पाया धरून ठेवायला त्याच्यात जोर उरत नाही. इथे घर भाड्याने घेणाऱ्यानेही हा नकाशा एकदा पाहावा.