दंड भरला, पण माणसं परत कामावर घेतली का?

ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास एअरलाइनने नोव्हेंबर 2020 मध्ये, म्हणजे ऐन कोविडमध्ये, दहा एअरपोर्टवरचं बॅगा चढवणं-उतरवणं, विमान साफ करणं हे सगळं काम बाहेरच्या कंपन्यांना द्यायचं ठरवलं आणि स्वतःचे 1800 च्या आसपास लोक घरी बसवले. युनियन कोर्टात गेली. कंपनी म्हणाली आम्ही खर्च वाचवायला केलं, पण पुढच्या वर्षी या लोकांना पगारवाढीसाठी कायदेशीर संप करता आला असता, आणि तो संप टाळणं हे एक कारण नव्हतंच हे काही कंपनीला जज मायकल लींसमोर सिद्ध करता आलं नाही. सप्टेंबर 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टानेही अपील फेटाळलं. मग 12 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई, ऑगस्ट 2025 मध्ये वर 9 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड.

सगळे म्हणतात कामगार जिंकले. जिंकले हो, आणि मला मनापासून आनंद झाला, पण नोकरीचं काय? परत कामावर घ्या ही मागणी कोर्टाने डिसेंबर 2021 मध्येच नाकारली होती. मला तेच पचत नाही.

माझा मावसभाऊ, आम्ही दादाच म्हणतो, पुण्याच्या लोहगाव एअरपोर्टला रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात तिथे, कामाला आहे, कॉन्ट्रॅक्टवर. लोकांना वाटतं बॅगा उचलणं म्हणजे काय, अंगात जोर असला की झालं. तसं नाहीये, विमानाच्या पोटात कुठे किती वजन लावायचं हे दिलेल्या लोडिंगच्या तक्त्याप्रमाणेच करावं लागतं नाहीतर विमानाचा तोल बिघडतो, इंजिन बंद होऊन लाल दिवा विझेपर्यंत जवळ जायचं नाही, पावसात ओल्या रॅम्पवर ट्रॅक्टर कसा वळवायचा, हे सगळं जुना माणूस नव्याला शेजारी उभं राहून शिकवतो. दादाने कितीतरी पोरं तयार केली आणि करार संपला की ती गेली, की परत पहिल्यापासून सुरू.

आणि आपल्याकडे माणसं मिळतातच, हा कंपन्यांना भरवसा. जुलै 2024 मध्ये मुंबईत कलिनाला असल्याच कामाच्या दोन हजारांवर जागांसाठी केवढी गर्दी उसळली होती, ग्रॅज्युएट पोरंसुद्धा रांगेत होती, बघून पोटात कालवलं.

म्हणून मला वाटतं, काम बाहेर दिलेल्या एअरलाइनला परत माणसं लागली की आधी जुन्यांना फोन गेला पाहिजे, जुन्या पगारावर, जुनी सीनियॉरिटी धरून, आणि ते नको म्हणाले तरच जाहिरात काढावी.