एच३ वरचा घोडा

फोंड्यातल्या एका देवळाच्या सभागृहात रविवारची बुद्धिबळाची रॅपिड, म्हणजे जलद डावांची, स्पर्धा होती. प्रत्येकी २५ मिनिटांचा डाव. २०२५ मध्ये बुद्धिबळाचा विश्वचषक गोव्यात झाला, त्यानंतर माझ्या वर्गात पोरं वाढली. त्यातली दहा वर्षांची एक मुलगी चौथ्या फेरीत काळ्या सोंगट्या घेऊन बसली होती. समोर साठीचे एक गृहस्थ. त्यांनी पहिलीच चाल केली ती राजाकडचा घोडा एच३ वर, पटाच्या अगदी कडेच्या घरात.

मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी दोरीच्या अलीकडून तोंड फिरवलं. प्रशिक्षकाची नजरसुद्धा सल्लाच असते.

पॅरिसच्या चार्ल्स अमार यांनी १९३० च्या दशकात ही चाल खेळली, म्हणून ती अमार ओपनिंग, म्हणजे डावाची अमार पद्धतीची सुरुवात. एफ३ वरचा घोडा आठ घरांवर मारा करतो, एच३ वरचा फक्त चार, आणि पटाच्या मध्यावरचं एकही घर त्यात नाही. त्यामुळे समोरच्याला ‘आता ह्याला धडा शिकवतो’ असं वाटू लागतं. दोन वर्षांपूर्वी मीच एका मुलाला ‘तुटून पड’ म्हणून सांगितलं होतं. त्याने वजीर लवकर बाहेर काढला आणि डाव घालवला. तो डाव मी त्याचा मानत नाही, माझाच मानतो.

इथे तिने साडेचार मिनिटं घेतली. रॅपिडमध्ये ती फार होतात, माझा जीव खालीवर होत होता. मग प्यादं डी५ वर. उत्तराला त्यांचं प्यादं जी३ वर. तिचा हात उंटाकडे गेला. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि मला फक्त ती बोटं दिसत होती, सोंगटीपासून दोन बोटांवर थांबलेली. हात लावला की तीच चालवावी लागते. तिने हात मागे घेतला आणि दुसरं प्यादं ई५ वर नेलं.

त्यांनी प्यादं एफ४ वर नेलं. आता मात्र क्षणभरही न थांबता तिने उंटाने घोडा मारला, त्यांच्या उंटाने तिचा, आणि तिच्या प्याद्याने एफ४ वरचं प्यादं मारलं. पुढे त्यांनी कॅसलिंग (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) करून हत्तीसाठी एफ ही उभी रांग उघडली, जोरही चांगला लावला. शेवटी घड्याळात तिची चाळीस सेकंदं उरली असताना डाव बरोबरीत सुटला.

हस्तांदोलन झाल्यावर त्यांनी सोंगट्या पुन्हा मांडल्या. “बाय, दुसऱ्याच चालीला घोडा का नाही मारलास?”

“तेव्हा माझा उंट जाऊन तुमचे दोन्ही उंट राहिले असते. मला काहीच मिळालं नसतं,” ती म्हणाली. “एफ४ झाल्यावर प्यादं मिळत होतं.”

त्यांनी घोडा परत जी१ वर ठेवला आणि म्हणाले, “बरं. आता पांढऱ्या तू घे.”